धनजच्या बायका आणि ते भव्य सभागृह

आमच्या धनजच्या महिला भजनी मंडळाचे किस्से इतके साठलेत की सांगता सांगता चहाचं आधण आटून जाईल! पण त्या नव्या सभागृहाचा विषय निघाला की अजूनही तळपायाची आग मस्तकात जाते.

जिल्ह्याच्या गावी बांधलेल्या त्या सभागृहात लोककलेच्या कार्यक्रमाचं रीतसर बोलावणं होतं. सात जणी सकाळच्या एसटीनं निघालो, कारंज्याला बस बदलली. मी पेटीवर, वनिता पखवाजावर, आणि गायला सत्तरीच्या कमलाकाकू.

गेटवरच रखवालदारानं अडवलं. "टाळ आत न्यायचे नाहीत. धातूची वस्तू आहे."

काकूंनी गळ्याला हात लावला. "मंग मंगळसूत्रई काढून देऊ काय? थेबी धातूचंच हाये!"

*

आत काय थाट! संगमरवर, झुंबरं, नक्षीचा घुमट. मान दुखायला लागली म्हणून आम्ही खालीच बसून वर बघत होतो. गळ्यात आयकार्ड घातलेला एक जण धावत आला. "उठा, उठा! इथून व्हीआयपी येणार आहेत."

"बाहेर लोकाईचं सभागृह लिवलं ना? मंग आमी कोन आहो, ढोरं?" काकूंनी बसूनच विचारलं.

*

साउंडवाला म्हणाला, "नुसते ओठ हलवा. गाणं पेनड्राइव्हमध्ये आहे. लाइव्हमध्ये रिस्क असते."

वनिता भडकली. "अन् पखवाजावर मी काय, पोया लाटू?"

*

रिसोडकडचे एक आजोबा सनई वाजवायला बसले. अहाहा! अख्खा हॉल चिडीचूप, काकूंचे डोळे भरलेले. तेवढ्यात निवेदकानं मधेच माईक घेतला. "पांढऱ्या गाडीच्या मालकानं गाडी हलवावी!"

मला तर त्याच्या हातातला माईक हिसकावासा वाटला. आजोबा मात्र शांतपणे म्हणाले, "निघाली काय गाडी? मंग वाजवतो."

*

शेवटी आमची पाळी. महिनाभर गौळण बसवली होती. आणि आयकार्डवाला म्हणतो, "सॉरी, प्रमुख पाहुणे आले. तुमचं कॅन्सल!"

वनिता रडायलाच लागली. काकू मात्र उठल्या, बाहेर गेल्या, पायऱ्यांवर मांडी घालून बसल्या. "काढ वं पेटी."

गौळण सुरू झाली. आधी चहावाला आला, मग ड्रायव्हर मंडळी, मग हॉलमधून एकेक करत माणसं. पायऱ्या भरल्या, पोर्चही भरला.

आयकार्डवाला घामाघूम होऊन पळत आला. "काकू, बंद करा! आत साहेबांचं भाषण चालू आहे, अन् हॉलमध्ये कोणीच उरलं नाही!"

"कायच्यावर बोलून राह्यले थे?"

"'लोककला वाचवा'वर!"

"त्याईले म्हना, बाहेर या. जित्ती हाये, गाऊन राह्यली!"