विहीर वाढली

करवंदपाड्याला पाऊस कमी पडतो असं म्हणणाऱ्याला आषाढात तिथं नेऊन चार दिवस ठेवावं. कपडे वाळत नाहीत, चूल पेटत नाही, शेजारच्या घरी जायचं तरी डोक्यावर इरलं घ्यावं लागतं. सुरगाण्याच्या त्या डोंगरांत ढग मुक्कामालाच येतात. पण सगळी जमीन उताराची, आज पडलेलं पाणी उद्या गुजरातेत. मग फाल्गुन उजाडला की याच पाड्याच्या बाया हंडे घेऊन दरीत उतरतात. देवानं भरभरून दिलं, ठेवायला भांडं तेवढं द्यायचं विसरला.

भांडं म्हणाल तर पाड्याची एकुलती एक विहीर. आणि त्या विहिरीचा कारभारी गोटीराम. तो कुणी नेमलेला नव्हता, निवडून दिलेला नव्हता, आणि अक्षराशी तर त्याची तोंडओळखही नव्हती. पण त्याच्याकडं बांबूची एक लांब काठी होती आणि तिला कोयत्यानं पाडलेल्या नऊ खाचा होत्या. दर दिवाळीत, वाघबारशीच्या दुसऱ्या दिवशी, तो ती काठी विहिरीत सोडायचा आणि वर काढून ओली खाच बोटानं चाचपायचा. मग पाड्याचा उन्हाळा ठरायचा. नऊ खाचा भिजल्या तर वैशाखापर्यंत बिनघोर. सात भिजल्या तर होळीनंतर धुणी नदीवर, गुरं खालच्या डोहावर, घरटी सहा हंडे. सहाच भिजल्या तर ज्याच्या घरी लग्न असेल त्यानं ते माघातच उरकायचं, चैत्राचं नाव काढायचं नाही. "भटाच्या पंचांगात बघू नका, गोटूच्या काठीला विचारा," असं लोक हसून म्हणायचे, आणि हसून झालं की काठीलाच विचारायचे.

माणूस कडक होता. चार वर्षांपूर्वी त्याची बायको भागीबाई गेली, ती नेमकी वैशाखात. दहाव्याच्या आंघोळीला पाड्यानं दोन जादा हंडे देऊ केले. गोटीराम म्हणाला, "तिनं जन्मभर मोजून भरलं, तिच्या नावानं जादा कशाला?" आणि साऱ्या भाऊबंदांना उन्हात दरीतल्या डोहावर घेऊन गेला. लोकांनी बोटं मोडली. पण त्या वर्षी पाड्याला पाणी पुरलं, हेही खरं.

आता एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही समजायचं नाही. दिवा विझवला म्हणू नये, वाढवला म्हणावं. बांगडी फुटली म्हणू नये, वाढली म्हणावं, ही रीत साऱ्या मराठी मुलखात आहे. करवंदपाड्यानं ती जरा जास्तच मनावर घेतली होती. तिथं धान्य संपत नाही, पाणी आटत नाही. 'संपलं' म्हटलं की धान्याची देवी कणसरी माता घर सोडते, म्हणून कणगी रिकामी झाली की 'नागली वाढली' म्हणायचं, आणि विहिरीचं पाणी उतरलं की 'विहीर वाढली'. शाळेवर नवे आलेले गुरुजी एकदा गोटीरामाकडं तांदूळ मागायला आले. "तांदूळ वाढले, गुरुजी," गोटीराम म्हणाला. "मग द्या की दोन किलो!" असं म्हणून गुरुजींनी पिशवी पुढं केली. पाडा वर्षभर त्यावर हसला. सगळ्यांत जास्त गोटीराम हसला होता.

गेल्या साली उत्तरा आणि हस्त ही दोन्ही नक्षत्रं कोरडी गेली. भात पोटरीतच करपला, नागली अर्धीमुर्धी हाती आली. वाघबारशीनंतर काठी वर आली ती पाचच खाचा भिजवून. इतक्या कमी खाचा गोटीरामानं कधी पाहिल्या नव्हत्या. त्यानं काठी उलटसुलट करून पाहिली, पुन्हा सोडली, पुन्हा पाचच.

त्यात घरात सून होती. त्याचा मुलगा दत्तू आणि सून ज्योत्स्ना दरवर्षी दिवाळी झाली की दिंडोरीकडं द्राक्षबागांवर जायची ती थेट आखाजीला, अक्षय्य तृतीयेला परतायची. आदल्या साली बागेत ओझी उचलता उचलता ज्योत्स्नाचा तिसरा महिना वाहून गेला होता. आता पुन्हा दिवस राहिले होते. आशाताईंनी बजावलं होतं, "हिला वाकायला लावू नका, डोक्यावर वजन देऊ नका." म्हणून दत्तू एकटाच गेला आणि ज्योत्स्ना सासऱ्यापाशी राहिली. जाताना दत्तू बापाला म्हणाला, "आबा, हिला दरीत उतरू देऊ नको." गोटीराम म्हणाला, "तू निर्धास्त जा." एवढंच त्या वर्षी त्याला साधायचं होतं. पाड्याचं पाणी पुरवायचं आणि सुनेला दरी उतरू द्यायची नाही.

पाच खाचांत ते बसत नव्हतं. टँकर लागणारच होता, आणि टँकरचीही रीत त्याला ठाऊक होती. पावसाळा सरला की सरकार येत्या उन्हाळ्याचा टंचाई आराखडा करतं. कुठल्या गावाला कधी पाणी पोचवायचं त्याची यादी. यादीत नाव असलं तर टँकर वेळेवर हलतो. या आराखड्याबद्दल गोटीरामाला मोठा आदर होता. आपल्यासारखंच कुणीतरी तिकडं काठी घेऊन बसलंय, असं त्याला वाटायचं.

एरवी ग्रामसेवक येऊन विहीर पाहून जायचे. त्या साली त्यांची जागा रिकामी होती, तेव्हा विचारपूस फोनवर होणार असा निरोप आला. पाड्यात रेंज फक्त टेकाडावरच्या उंबराखाली. ठरल्या दिवशी गोटीराम धुतलेला सदरा घालून, आपली काठी घेऊन तिथं जाऊन बसला. बरोबर मंगळू आणि काळू, हे त्याचे दोघे भाऊबंद. फोन ज्योत्स्नाचा, तो हातात धरून, आवाज मोठा करून ती डोक्यावर पदर घेऊन उभी राहिली.

नाशिकहून एक मुलगी बोलत होती. आवाज गोड, पण घाईचा. तिला दिवसाला अशी चाळीस गावं उरकायची होती.

"बाबा, गेल्या वर्षीच्या मानानं विहिरीचं पाणी कसं आहे?"

"औंदा विहीर वाढली, बाय," गोटीराम म्हणाला. "होळीपर्यंत पार वाढून जाईल."

"वाढलीये? नक्की ना?"

"नक्की म्हंजे! मी सवता काठी घालून पाहिली हाय. लिवून घे, वाढली."

"छान! लिहिलं हं बाबा," ती मुलगी म्हणाली, आणि रेंज गेली.

मंगळू आणि काळूनं माना डोलावल्या. गोटीराम इतका खूश झाला की टेकाड उतरताना त्यानं काठी खांद्यावर टाकली. "नोंद झाली. आता होळीला टँकर दारात," तो सगळ्यांना सांगत सुटला. ज्योत्स्ना मागून हळूहळू उतरत होती. तिची अवस्था पाहून तो मधूनमधून थांबत होता.

माघ संपता संपता काठी कोरडी वर आली. गोटीराम जीप धरून तालुक्याला गेला. तिथल्या कारकुनानं संगणकावर करवंदपाडा शोधला आणि वाचून दाखवलं, "पाणी पातळीत वाढ. टंचाई संभवत नाही."

"कुणी सांगितलं असं?"

"माहिती देणारा, गोटीराम. तुमच्याच गावचे कुणी आहेत."

गोटीरामाला गुरुजींची ती पुढं केलेली पिशवी आठवली. तो तिथल्या बाकावर बसला. 'ध'चा 'मा' करायलाही कुणीतरी लबाड लागतो. इथं सांगणारा खरा होता, लिहिणारी खरी होती, आणि कागदावर मात्र साफ खोटं उतरलं होतं. कारकून माणूस भला होता. त्यानं चहा मागवला आणि नव्यानं अर्ज लिहून दिला. पण आता ठराव हवा, पाहणी हवी, वरच्या सह्या हव्यात. "महिना-दीड महिना धरा, बाबा," तो म्हणाला.

पाड्यात परतून गोटीराम एवढंच म्हणाला, "यादीत नाव नाय लागलं." कसं नाही लागलं ते त्यानं सांगितलं नाही. लोकांनी सरकारला शिव्या घातल्या. त्या त्यानं खाली मान घालून ऐकल्या, आणि त्यातली एकही सरकारला लागत नव्हती हे फक्त त्याला कळत होतं. जन्मभर ज्यानं पाड्याला तोंडावर खरं सुनावलं, त्याची जीभ या एका गोष्टीला वळेना. लाज वाटत होती, दुसरं काही नाही.

तीन आठवड्यांत निम्मा पाडा रिकामा झाला. जो तो बायकापोरं घेऊन बागांकडं, वीटभट्ट्यांकडं निघून गेला. राहिल्या बाया दरीत उतरू लागल्या. पहाटेपासून झऱ्याच्या खड्ड्याशी वाटीनं पाणी भरत बसायचं आणि दोन हंडे घेऊन ती सरळसोट चढण चढायची. गोटीरामानं कावड काढली. पासष्ट वर्षांचा तो गडी सकाळी एक खेप, दुपारी एक खेप करू लागला. ज्योत्स्नानं हंड्याला हात लावला की तिच्या अंगावर ओरडायचा. ती म्हणायची, "मामा, तुमचे गुडघे बघा." तो म्हणायचा, "माझ्या गुडघ्यात काय पोर हाय?" आणि दोघंही हसायची. त्या दिवसांत त्याला तिच्यावर पोटच्या पोरीसारखी माया जडली होती. ती हसली की त्याला आत कुठंतरी टोचायचं.

एकोणीस दिवस त्यानं खेपा केल्या. विसाव्या दिवशी अंगात ताप भरला. तो घोंगडी पांघरून ओसरीवर पडला आणि ग्लानीत त्यानं पाणी मागितलं. घरात पाणी नव्हतं. शेजारणी सगळ्या झऱ्यावर. ज्योत्स्नानं छोटी कळशी घेतली, हंडासुद्धा नाही, आणि ती भरदुपारी दरीत उतरली.

उतरणीवर वाळक्या पाल्याचा थर होता, त्यावरून तिचा पाय घसरला. बायकांनी तिला झोळीत घालून वर आणलं. जीप यायला दोन तास, रस्ता खडकाळ. सातव्या महिन्याची मुलगी जीपमध्येच जन्मली. शेजारीण धोंडाबाई तिला पदरात घेऊन बसली होती. ती पुढं सांगायची, पोर दोनदा रडली, चांगली खणखणीत रडली. घाट उतरेपर्यंत ती गेली. ज्योत्स्ना वाचली. दत्तू दिंडोरीहून सरळ दवाखान्यात आला. त्यानं बापाला एका शब्दानंही विचारलं नाही, आणि ते न विचारणं गोटीरामाला फार जड गेलं.

पुढं बारा दिवसांनी टँकर आला. तालुक्याच्या त्या कारकुनानं खरंच खटपट केली होती. पाड्यात जेवढी माणसं उरली होती तेवढी विहिरीवर धावली. विहिरीत पाणी पडल्याचा आवाज घरापर्यंत येत होता. दत्तू हंडे घेऊन गेला. घरात गोटीराम आणि ज्योत्स्ना दोघंच उरली. ती दाराशी भिंतीला टेकून बसली होती. 

गोटीराम तिच्यासमोर जमिनीवर बसला. सासऱ्यानं सुनेपुढं असं बसायची रीत नाही, पण त्याला उभं राहवत नव्हतं.

"पोरी, तुला एक सांगायचं हाय. यादीत नाव माझ्यामुळं नाय लागलं. मी वाढली म्हटलं, त्या पोरीनं वाढलीच लिवलं. मला माघातच कळलं होतं. कुणाला सांगितलं नाय. तुझी लेक माझ्या जिभेनं नेली."

ज्योत्स्नानं मान वर केली नाही. ती नखानं जमीन कोरत राहिली.

"मामा," ती म्हणाली, "मला तवाच कळलं होतं. तिथंच, उंबराखाली."

तिनं कोरलेली जमीन तळव्यानं सारखी केली.

"बारावी शिकले मी आश्रमशाळेत. ती पोरगी काय समजली ते मला लगेच कळलं. फोन माझ्या हातात होता. पण मंगळूकाका होते, काळूकाका होते. चार माणसांत सासऱ्याचा शब्द कसा खोडू? म्हटलं, खाली उतरल्यावर सांगू. तर तुम्ही लय खुशीत होते, सगळ्यांना सांगत होते. मग म्हटलं, उद्या सांगू." तिनं पदर तोंडाशी धरला. "मग रोजच उद्या झालं, मामा."

गोटीरामानं तिच्या डोक्यावर हात ठेवायला उचलला आणि तो तसाच राहिला. बाहेर बाया ज्योत्स्नाच्या नावानं हाका मारत होत्या, ये गं, तुझ्या वाटणीचे हंडे भरून ठेवलेत म्हणून.