लिव्हर एकाचा, कॅलिपर दुसऱ्याचा

आपल्या हाताने दुरुस्त केलेल्या सायकलवर तुम्ही आपलं लेकरू बसवाल का? लगेच छाती फुगवून ‘हो’ म्हणू नका. तोही असंच म्हणाला होता.

तो म्हणजे गाड्यांच्या गॅरेजमधला ब्रेकवाला. गॅरेजात इंजिनवाले वेगळे, रंगवाले वेगळे. ब्रेक मात्र ह्याच्याशिवाय कुणी उघडायचं नाही. हात चांगला, आणि हाताची घमेंड त्याहून चांगली. बायको इस्पितळाच्या धुलाईघरात. दिवसभर ओल्या चादरी ओढून तिची बोटं संध्याकाळी मिटायची नाहीत. घरापासून कामावर जायचा रस्ता म्हणजे एक लांबलचक उतार, मागच्या सीटवर लेक, आणि तारेचे ब्रेक असे की करकचून दाबावेत तेव्हा कुठे सायकल मनावर घेणार.

“दोन बोटांत थांबेल असं करून देतो,” तो म्हणाला.

तेलाच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकचा नवा पूर्ण संच महाग. आणि कंपन्या पडल्या बेरक्या, एकाचं दुसऱ्याला बसू नये अशीच सगळी मांडामांड. पण ऐकेल तो ब्रेकवाला कसला! भंगारबाजारातून हाताने दाबायचा लिव्हर आणला एका कंपनीचा. चाकाची चकती चिमटीत धरणारा कॅलिपर दुसरीचा. मधली नळी तिसरीची. आटे जुळवले, नळीतली हवा काढली, गॅरेजातलं तेल भरलं. गाड्यांच्या ब्रेकला आयुष्यभर तो तेच भरत आला होता. ब्रेकचं तेल ते ब्रेकचं तेल, त्यात पाहायचं काय?

“अहो, खरंच की! नुसतं बोट लावलं तरी थांबते,” बायको अंगणात गोल फिरून आली. त्या आठवड्यात ब्रेकवाला जमिनीपासून वीतभर वरून चालत होता.

मग एका सकाळी त्या दोघी निघून गेल्यावर तो खिडकीतली वाटी घासायला घेऊन बसला. नळीतून सांडलेलं तेल तिच्यात तसंच राहिलं होतं, आणि तळाला लिव्हरची एक जादा रबरी रिंग पडली होती. त्याने ती बोटावर घेतली. रिंग ढिली, बुळबुळीत. पुडीतली तिची जोडीदारीण काढून शेजारी ठेवली, तर कोरडी रिंग भिजलेलीच्या पोटात आरामात मावली.

रबर फुगलंय म्हणजे तेल चुकलंय आणि ब्रेक कधीही दगा देणार, हे गॅरेजात तोच इतरांना ओरडून सांगायचा. अशीच रबरं आत्ता लिव्हरमध्ये फुगत होती, आणि लिव्हर उतारावर होता.

फोन लावला. वाजून वाजून बंद पडला. सायकल चालवताना ती फोन पिशवीत ठेवायची. तो तसाच पळत सुटला. एक चप्पल वाटेत निघाली, ती उचलायलाही थांबला नाही. वळणावर गर्दी दिसली तसा तो माणसं बाजूला सारत आत घुसला. पण तिथे दोन गाड्या एकमेकींना घासल्या होत्या आणि दोन्ही मालक एकमेकांचा उद्धार करत होते. त्याला आयुष्यात पहिल्यांदा भांडण गोड वाटलं.

वळणाच्या थोडं खाली, भिंतीला सायकल टेकवून बायको उभी होती. लेक कठड्यावर बसून पाय हलवत होती.

“या! तुमच्या सायकलला थांबायचं इतकं छान शिकवलंत की आता पुढे जायचंच नाव घेत नाही.” लिव्हर दाबलेला तसाच अडकला होता, चाक जाम. “मला उशीर झाला. संध्याकाळपर्यंत नीट करा.”

‘तेल बदलतो’ हे शब्द त्याच्या ओठांवर आले होते. पण लिव्हरच्या रबराला चालणारं तेल कॅलिपरच्या रबराला खाणार, आणि कॅलिपरचं लिव्हरला. दोघांना चालेल असं तेलच नाही. ‘नळीत हवा राहिली असेल’ असं सांगून वेळ मारून नेता आली असती. तिला काय कळणार होतं?

“नीट होणार नाही ते,” तो म्हणाला. “तेल मी चुकीचं भरलं. आणि ह्या जोडीला बरोबर तेल मुळात नाहीच.”

ती लेकीकडे बघत राहिली. “म्हणजे इतके दिवस मी हिला मागे घेऊन...”

“हो.”

“आणि काल समोरच्या पोस्टमनभाऊंना हेच बसवून दिलंत, त्यांचं काय?”

त्याने लगेच फोन काढला. नंबर लावला. लेकीने पाय हलवायचे थांबवले.

“बोला उस्ताद! घाटीच्या तोंडाशीच आहे, आता सुटतोय बघा—”

“सुटू नका! उतरा खाली, सायकल हातात धरा!”

“का हो? काल तर छाती ठोकून सांगत होतात.”

“काल मी चुकलो, भाऊ. पायी उतरा. मी येतोय.”

तुम्हीही असे वेगवेगळ्या घरचे भाग जोडून एखादी सायकल कुणाच्या हाती दिली असेल, आणि आत कुठलं तेल आहे हे छातीवर हात ठेवून सांगता येत नसेल, तर लाज बाजूला ठेवा. हे वाचणं इथेच थांबवा आणि आधी त्यांना फोन लावा.