तिसावं सीट कव्हर

गाडीची किंमत सांगताना मी पंचाहत्तर हजार रुपये गिळले. खिशात नाही घातले, नुसते सांगायचे राहिले.

बार्शीहून येऊन पुण्यातल्या मोटारींच्या शोरूमला लागून मला जेमतेम महिना झाला होता, आणि मेहबूबचाचा हे माझं पहिलं गिऱ्हाईक. मी त्यांना गाडीची नुसती किंमत सांगितली, पाच लाख साठ हजार. तिच्यावर चढणारा कर, नोंदणी, विमा यांचं नावही काढलं नाही. चाचांनी बुकिंग केलं आणि घरी जाऊन अख्तरबानूचाचींना सांगून टाकलं, की यंदाच्या ईदला येरवड्याला बहिणीकडे जायचं ते आपल्या गाडीतून. गुडघ्यांमुळे चाचींना रिक्षात चढता येईना. दोन वर्षं त्या खडकीच्या घरातून बहिणीशी फोनवरच भांडत होत्या.

चाचा म्हणजे नाना पेठेतल्या बोळात जवळजवळ पन्नास वर्षं मोटारींची सीट कव्हरं शिवणारा माणूस. नवी गाडी आधी गणपतीपुढं जायची, चाकाखाली लिंबं चिरडायची आणि तिथून थेट चाचांच्या दारात. मालकाच्या घरचे नीट बसायच्या आधी चाचा माप घेत प्रत्येक सीटवर बसून झालेले असायचे. पेढा ठरलेला.

"गाड्यांनी मला मधुमेह दिला," ते म्हणायचे, "गाडी कुणी दिली नाही."

बुकिंगच्या दिवशी मी ट्रेनिंगमध्ये पाठ केलेलं वाक्य त्यांच्यावर फेकलं होतं. "चाचा, महागाई वजा केली ना, तर गाड्या पूर्वीपेक्षा स्वस्तच झाल्यात."

"वजा करता येते होय? मग भाजीची पण करून द्या. मंडईत कुणी ऐकत नाही."

पण मग स्वतःच हिशेबाला बसले. पंचाहत्तर सालच्या सुमारास फियाट वीस हजारांच्या पुढं, आणि एका गाडीची कव्हरं शिवायची मजुरी पंचवीस रुपये. म्हणजे फियाट घ्यायची तर आठशेच्या वर सेट शिवा, शिवाय नंबर लागेपर्यंत वर्षानुवर्षं थांबा. पंच्याऐंशीच्या आसपास छोट्या गाड्या आल्या. पन्नास हजारांच्या घरात, मजुरी शंभर, म्हणजे पाचशे सेट. आज मजुरी अडीच हजार. गाडी सव्वादोनशे सेटमध्ये बसत होती.

"म्हणजे माझं खरं निघालं!" मी खूश.

"निघालं की. फक्त तेव्हा महिन्याला वीस गाड्या यायच्या, आता चार येतात. बाकीच्या कव्हर घालूनच बाहेर पडतात. गाडी जवळ आली हो माझ्या, काम लांब गेलं."

तरी चिकाटीनं साठवून ते पैसे घेऊन आले. ईद पुढच्या आठवड्यावर होती. मी शेवटचं बिल हातात दिलं. चाचांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.

"ही कुणाची गाडी?"

"तुमचीच, चाचा."

"माझी बारीक होती. एवढ्यात वजन वाढलं हिचं?"

मॅनेजर सुनीती मॅडम आल्या. "यांना किंमत कुणी सांगितली?"

"मी," मी म्हणालो. मॅडमच्या नजरेत माझं बार्शीचं तिकीट छापून तयार होतं.

चाचा मध्ये पडले. "अहो मॅडम, पोरगं बार्शीचं आहे. तिकडं सांगितलेल्या किमतीतून कमी करतात. वर चढवायची पद्धत आपल्या पुण्याची. शिकेल हळूहळू." मग आवाज खाली गेला. "बुकिंगचे पैसे तेवढे परत द्या. घरी मी सांगतो काहीतरी."

ते काहीतरी त्यांना सुचत नव्हतं, हे स्पष्ट दिसत होतं. मला मात्र त्या क्षणी त्यांचाच हिशेब आठवला. पंचाहत्तर हजार म्हणजे तीस सेट.

"मॅडम," मी म्हणालो, "आपण तयार कव्हरं घालतो, ती नीट बसत नाहीत म्हणून निम्मी गिऱ्हाइकं परत येतात. त्यातली तीस चाचांना शिवायला दिली तर? मजुरी आगाऊ."

मॅडम काही बोलायच्या आत चाचा उठून शोरूममधल्या गाडीत बसले. कव्हराच्या झोळात अख्खी मूठ घातली. "मॅडम, हे सीट कव्हर आहे की परकर?"

मॅडम हसल्या. त्यांना हसता येतं हे मला तेव्हा कळलं. "एकोणतीस सेटची मजुरी मी देते," त्या म्हणाल्या. "तिसाव्याची, ज्यानं घोळ घातला त्याच्या पगारातून."

नोकरी अडीच हजारांत वाचली. एवढ्या स्वस्तात पुण्यात मला दुसरं काही मिळालेलं नाही.

ईदच्या दिवशी चाचांनी मला घरी बोलावलं. चाची आधी पुढच्या सीटवर टेकल्या, मग एकेक पाय आत घेतला आणि ओरडल्या, "दार हळू लाव रे, नवं आहे!" येरवड्यात रझियाखाला दारातच उभ्या होत्या. दोघी बहिणींनी भांडण फोनवर जिथं सोडलं होतं तिथूनच पुढं चालू केलं, फक्त आता हात हातात होते. शीरखुर्म्याची पहिली वाटी माझ्या हातात आली.

दिवाळीपर्यंत चाचांनी एकोणतीस सेट शिवून दिले. आता आमची गिऱ्हाइकं कव्हरासाठी थेट त्यांचंच नाव घेतात. तिसावा सेट माझा. तो राहिलाय, कारण मी अजून बसनंच येतो.

"माप कधी देताय?" भेटलो की चाचा विचारतात.

"गाडी घेतली की."

"घ्या सावकाश. मजुरी वाढली तरी तुम्हाला जुन्याच भावात."

मागच्या आठवड्यात त्यांनी फोन करून एवढंच विचारलं, राखाडी रंग चालेल ना?