बहाव्याचा पाला आणि दुकानाची पाटी

रस्त्याकडेच्या फुललेल्या बहाव्याचा फोटो तुम्ही काढता, पण त्याचा पाला कोणाच्या कामी येतो, हे कधी विचारलंत का?

बोंडअळीनं कापूस खाल्ला त्या वर्षांतली गोष्ट. आर्णीजवळच्या आमच्या गावात माझी आई कापूस वेचायला जाई. कमरेला दिवसभर बांधलेल्या कापसाच्या ओटीखाली घाम साचून वेचणाऱ्या बायांना नायटा होई. संध्याकाळी त्या फाट्यावरच्या बहाव्याचा पाला दगडावर वाटून लावत. मग खाज कमी होई आणि झोप लागे.

एकदा कीटकनाशकाच्या दुकानदारानं ते झाड तोडायला माणूस पाठवला.

"काहून तोडून राह्यला रे भाऊ?" आईनं विचारलं.

"झाडामागं दुकानाची पाटी दिसत नाही, मावशी."

"त्या पाटीनं आमची खाज जाते का? जात असंन तर तोड. आम्ही पाटीच वाटून लावतो!"

बाया खदखदून हसल्या आणि बुंध्याला टेकून बसल्या. दुकानदार स्वतः आला, तरी उठल्या नाहीत. शेवटी पाटीच रस्त्यापलीकडे गेली.

बहावा अजून उभा आहे. तुमच्या गावात अशा झाडावर कुऱ्हाड आली, तर आधी वेचणाऱ्या बायांना बोलवा आणि त्यांच्याशेजारी तुम्हीही बसा.