गाडीची पाठराखीण

आमची गाडीवाली आत्या आपल्या गाडीकडे कधी पुढून आली नाही. फाटक उघडले की ती तडक मागे जायची, वाकायची आणि मागच्या बंपरवरून तळहात फिरवायची, लेकराला ताप आहे का बघावा तशी. मग चष्मा कपाळावर चढवून तिरक्या उजेडात एकदा निरखायची. सगळे ठीक असले की "हाव!" असा आवाज यायचा आणि त्यानंतरच दार उघडायचे. "तोंड तं कुणीबी धुऊन-पुसून ठेवतंय," ती म्हणायची, "पाठ बघाव, पाठ!"

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. हदगाव तालुक्यात नर्सबाई म्हणून तिची सगळी नोकरी झाली, आणि त्यातली निम्मी दुसऱ्याच्या गाडीची वाट बघण्यात गेली. इकडे बाळंतीण अडलेली असायची आणि तिकडे जीपवाला निवांत जेवायला बसलेला असायचा. म्हणून निवृत्त होऊन नांदेडला आमच्या शेजारी राहायला येताच तिने पहिले काम काय केले, तर गाडी चालवायला शिकली. आणि एके दिवशी खरोखरच वांगी रंगाची कोरी करकरीत गाडी घेऊन दारात हजर! हॉर्न असा वाजवला की अख्खी गल्ली बाहेर आली. त्या दिवशी तिने गल्लीतल्या प्रत्येकाला एक एक चक्कर मारून आणले, नको म्हणणाऱ्यांनाही.

बाबांना हे काही पटेना. "अक्का, या वयात? सहा महिन्यांत भंगार करशील." आत्या इतकी खुशीत होती की भांडायलाही तिला सवड नव्हती. "पयला ओरखडा दिसू दे बाळ्या, चावी तुझ्या हातात. दिली जबान!" आता आमच्या घराण्यात शपथ मोडली तर देव एखादेवेळी माफ करील, जबान मोडली तर कुणीच करत नाही. बाबा सरकारी कचेरीतले, तपासणीची हौस अंगातच. दर रविवारी पांढरा रुमाल घेऊन ते गाडीभोवती फिरू लागले.

पुढच्या बाजूची तिला भीती नव्हतीच. ती गाडी इतकी जपून हाकायची की सायकलवाले पुढे जाताना तिला रामराम घालून जायचे. संकट सगळे मागे होते. त्यातले पहिले म्हणजे कोतवाल, हदगावहून तिच्यासोबत आलेला दांडगा कुत्रा. डिकी उघडली की हे महाशय पुढचे दोन पाय बंपरवर टेकायचे आणि मागचे दोन कराकरा वर ओढायचे. दुसरे संकट म्हणजे सामान. गाडी आल्यापासून आत्या कुणालाच नाही म्हणत नसे. मुदखेडहून हळदीची पोती, कुणाच्या बारशाची पातेली, बायकांच्या गटाचे पापडाचे यंत्र, सगळे त्या बंपरवरूनच ओढत आत जायचे.

तिने उपाय कमी केले नाहीत. आधी रबरी पायपुसणे चिकटवले. नांदेडच्या मे महिन्याने ते दोन दुपारीत असे वितळवले की खरवडून काढता काढता तिच्या नाकी नऊ आले. मग कोतवालाला चढायला पाट ठेवला. तो पाटावर नवरदेवासारखा बसून राहिला आणि आत्या "चढ रं राजा, चढ!" म्हणून विनवू लागली, तसा पाटाला वळसा घालून बंपरवरूनच चढला. हसून हसून आमची पोटे दुखली.

शेवटी तिने वाकळ शिवायला घेतली. जुन्या पातळांचे थर, वरून बारीक टाके, आणि खालून सीटकव्हरवाल्या शौकतभाईंनी लावलेले रेक्झिन. वरची कड डिकीत हुकांना अडकवायची आणि बाकीची वाकळ बंपरवरून खाली सोडायची. शौकतभाई म्हणाले, "आपा, गाडी को दुलई ओढाके कां चले? ठंड लगी क्या उसको?"

"दुलई नव्हं भाई, पाठराखीण हाय ती," आत्या म्हणाली. "नवी नवरी सासरी एकटी धाडतेत का? संगं कुणीतरी देतेतच की. टोचून बोलायलं कुणी तं मधी उभी राहती."

झाले, गल्लीभर तेच नाव पडले. पाठराखीण आली आणि आत्याला स्वर्ग दोन बोटे उरला. पोती आली, घागरी आल्या, एकदा तर कुणाचा अख्खा झोपाळा आला, आणि रविवारी बाबांचा रुमाल हिरमुसून खिशात परत गेला.

पण आमच्याकडे एक रीत आहे. वाकळ शिवून झाली की शेवटच्या कोपऱ्यात भाकरीचा तुकडा घालून टाका मारतात. उपाशी वाकळ ऊब देत नाही म्हणे. आत्याने रीत पाळली होती. ज्वारीच्या भाकरीचा चांगला तळहाताएवढा तुकडा, वर तुपाचे बोट, कारण पाठराखणीला कोरडे कसे जेवू घालायचे?

एका रविवारी सकाळी ती पोती उतरवून चहाला आमच्याकडे आली. डिकी उघडीच होती आणि वाकळ बंपरवर लोंबत होती. बाबा रुमाल शोधत होते. तेवढ्यात बाहेरून आवाज आला, करर्र, करर्र! आम्ही धावलो. कोतवालाने तो कोपरा फाडला होता, रेक्झिन फाडले होते, आणि भाकरी खाली सांडेल तशी तो बंपरवरून नखांनी ओढून घेत होता. वांगी रंगावर पांढरे, ठळक ओरखडे. कुत्र्यापासून बंपर वाचवायला निघालेल्या बाईने बंपरवरच कुत्र्याचे ताट मांडले होते!

मला वाटले, आता कोतवाल मार खातो. आत्या आधी हसली, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. मग पदराने चावी पुसली आणि बाबांच्या हातावर ठेवली.

"अक्का, राहू दे. मुका जीव हाय," बाबा गडबडून म्हणाले.

"जबान मुक्या जिवानं न्हाई, म्या दिलती," ती म्हणाली आणि घरी निघून गेली.

त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. गाडी आमच्या दारात उभी असायची आणि आत्या ओट्यावर पाठ करून तांदूळ निवडत बसायची. हॉर्न नाही, "हाव" नाही. मला त्या तांदळांचा राग यायचा.

अशातच मला लातूरला नोकरी लागली. सामान घेऊन बाबा मला सोडायला निघाले. आईने ती वाकळ पुढे केली तर म्हणाले, "त्या चिंध्या कशाला? उचलून ठेवता आलं पाहिजे माणसाला." आणि शिलाई मशीन त्यांनी एकट्याने उचलले. डिकीपर्यंत आणले. तिथे हात घसरला. मशीनचा लोखंडी पाय बंपरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत असा काही उतरला, की कोतवाल लाजून कोपऱ्यात जाऊन बसावा!

ओट्यावरून आत्या उठली. आली, वाकली, तळहात फिरवला.

"बाळ्या, हा कुणाचा?"

"माझा."

"मग चावी आण."

बाबांनी मुकाट्याने चावी काढून दिली. आईने तोंडाला पदर लावला, पण तिचे खांदे हलत होते. आणि आम्ही निघालो! लोहा, अहमदपूर, चाकूर, प्रत्येक गावाच्या वेशीवर आत्या विनाकारण हॉर्न वाजवत होती, कोतवाल मागून भुंकून साथ देत होता, आणि मी गादीच्या वळकटीला धरून किंचाळत हसत होते. इतक्या आनंदात सासरी गेलेली नवरीही मी पाहिलेली नाही.

पुढे बरीच वर्षे ती नांदेड-लातूर करत राहिली. मग तिच्या डोळ्यांनी दगा दिला. लातूरच्या डॉक्टरांनी तपासून स्पष्ट सांगितले, बाई, आता गाडी बंद. बाहेर आल्यावर तिने चावी माझ्या हातात दिली. माझ्याकडे परवाना होता, पण मोठ्या रस्त्यावर गाडी घालायची छाती नव्हती. आता आत्या नाही, आणि तेव्हापासून मी किती गाडी चालवली याला गणती नाही, पण ती दुपार काही मनातून जात नाही. तिने स्वतःच मागचे दार उघडले, म्हाताऱ्या कोतवालाशेजारी बसली आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. चालकाच्या जागेवर बसून मी आरशात पाहिले. आपल्याच गाडीत मागे बसलेली आत्या इतकी लहान दिसत होती की मला रडू कोसळले.

"रडायलीस कामून?" ती मागून ओरडली. "रडून आरशात दिसत न्हाई, पोरी. डोळे पूस अन् टाक पयला गिअर!"