जळालेल्या कडा

आमच्या डॉक्टरीणबाई साठीच्या. गाईम्हशींपासून मांजरांपर्यंत कितीतरी जनावरांची पोटं त्यांनी फाडली आणि शिवली. मी त्यांचा कंपाउंडर, एकवीस वर्षांपासूनचा. तोंडाचा फटकळ, पण कामाला वाघ, असं मीच सगळ्यांना सांगत फिरायचो.

विजेच्या सुरीचं यंत्र माझ्या ताब्यात. त्यावरचा आचेचा आकडा बाईंना टेबलापासून दिसत नसे. त्या विचारत, "किती?" मी म्हणे, "वीस." ही सुरी कापता कापता रक्तही थांबवते. पण वीसवर थोडं रक्त यायचंच, ते टिपत बसायचा मला कंटाळा. एकदा गुपचूप बटण पस्तीसवर नेलं. रक्ताचा टिपूस नाही! बाई खूश. "आज हात काय छान चालला रे!" मग मी चटावलोच. तोंडाने वीस, बटण पस्तीसवर. इतक्या आचेने आतलं मांस भाजतं, हे मला ठाऊक नव्हतं म्हणायची सोय नाही. वास तर रोज येत होता. बाईंना सर्दीचा जुना त्रास, त्यांना तो कळत नसे.

मग एका निवृत्त शिक्षिकेच्या म्हाताऱ्या कुत्र्याच्या मांडीवरची गाठ काढली आणि तपासायला पाठवली. अहवाल आला. बाईंनी तो दोनदा वाचला आणि शिक्षिकाबाईंना समोर बसवून सरळ सांगितलं, "गाठीच्या कडा जळाल्यात. रोग आत राहिलाय का, ते त्यामुळे कळत नाही. पुन्हा कापावं लागेल, आणि या वयात त्याला भूल झेपेलच असं नाही. चूक माझ्या हातून झाली."

मी शेजारीच ट्रे पुसत होतो. बोल मेल्या, बोल, असं मन ओरडत होतं. एरवी कुणाला न जुमानणारा मी तोच ट्रे पुन्हा पुसत राहिलो.

दुसऱ्या वेळी बाईंनी साधी सुरी घेतली. कुत्रं भुलीतून उठलंच नाही. जाताना शिक्षिकाबाई मला म्हणाल्या, "शेवटपर्यंत त्याचं डोकं धरून होतात, फार उपकार झाले." मी मान हलवली. हलवली, लाज वाटते सांगायला.

त्यानंतर बाईंनी ऑपरेशनं बंद केली. लस टोचतात, मलमपट्टी करतात. कुणी विचारलं तर हसून म्हणतात, "हातात आता पूर्वीसारखा नेम राहिला नाही." त्यांचा हात अजूनही पहिल्यासारखाच आहे, हे जगात फक्त मला माहीत आहे, आणि मी त्यांना ते अजून सांगितलेलं नाही.