ओव्हर संपल्याशिवाय नाही

हेडली ॲक्रॉइडनं आजवर कोणाकोणाला अडवलंय ते आधी सांगते, म्हणजे माणूस कळेल. पाद्रीबाबांना अडवलंय. महापौरबाईंना गळ्यातल्या साखळीसकट अडवलंय. शू लागलेल्या पोरांना तर रोजचंच. स्वतःच्या मुलालाही सोडलं नाही. तो बिचारा धापा टाकत सांगायला आला होता की बायको बाळंत झाली, मुलगी झाली. हेडली म्हणाला, "अभिनंदन. दोन बॉल थांब."

यात त्याचं काय चुकलं ते मला अजून कोणी समजावून दिलेलं नाही.

आमचं स्कार्नबीचं मैदान समुद्राच्या कड्यावर आहे. खाली चहा-खाण्याचे ठेले, तिथून वर बसायच्या जागेकडे जाणारा अरुंद दगडी जिना, आणि जिन्याच्या वरच्या टोकाला हेडली. हातात जाड दोरी, तिचं दुसरं टोक खांबाला. ही जागा येते बरोब्बर बोलरच्या पाठीमागे. बोलर धावत येतोय आणि तिथं कोणी हललं, की बॅट्समनचं लक्ष गेलंच आणि त्याच्या दांड्या उडाल्याच. म्हणून ओव्हर सुरू झाली की दोरी वर, संपली की दोरी खाली. एवढंच आहे. कुत्र्यांना कळतं हो! खरंच, आमच्याकडे मॅचला येणारी कुत्री दोरी दिसली की मुकाट बसतात आणि अंपायर "ओव्हर" म्हणाला की उठतात. समजवावं लागतं ते माणसांना.

हेडली आयुष्यभर बस चालवायचा. म्हातारी बाई सीटवर नीट टेकल्याशिवाय त्यानं कधी गिअर टाकला नाही, मागून आम्ही शाळेची कार्टी कितीही बोंबललो तरी. निवृत्त झाला आणि त्याच उन्हाळ्यात दोरी धरली. पगार नाही. दुपारी एक बेकनपाव आणि चहा फुकट, तो मी देते, कारण जिन्याच्या पायथ्याशी जो ठेला आहे त्यावर मी असते. शाळा मी अर्ध्यात सोडली. चार भिंतींत बसवलं की माझे पाय वळवळतात. ठेल्यावर बरं असतं, कोणाशी तरी भांडता येतं.

हेडलीची बायको म्यूरिअल. लग्नाचं त्यानं तिला याच मैदानावर विचारलं, दोन ओव्हरच्या मधे. तिनं थोडा विचार केला, आणि ती "हो" म्हणेपर्यंत पुढची ओव्हर चालू झाली. ती आनंदानं उठायला गेली तर यानं हात धरून खाली बसवलं.

"आणि त्या ओव्हरला वाइड पडला," म्यूरिअल अजून सांगते. "सात बॉल मी हसू दाबून बसले. तेव्हाच उठून जायला हवं होतं."

"उठली असतीस तर अडवली असती," हेडली म्हणतो.

आता गोष्टीकडे येते. मैदानं बघत फिरणारी एक जमात असते. टोपीवर बिल्लेच बिल्ले. कँटरबरीला मैदानाच्या आत झाड आहे ते बघतात, वूस्टरला मागे कॅथेड्रल दिसतं ते बघतात, मग आमच्याकडे येतात समुद्र बघायला. आणि समुद्र दिसत नाही! म्हणजे बसायच्या जागेवरून नाही दिसत, मागे उंच भिंत आहे. मग चिडलेली ही मंडळी चहा घ्यायला खाली येतात, परत वर जाताना हेडली दोरी धरतो, आणि घरी जाऊन तक्रार लिहितात. समुद्र नाही, वर एक दोरीवाला म्हातारा.

आमच्या क्लबच्या अध्यक्ष ग्लेनिसबाई. बाई वाईट नाहीत, पण त्यांचे पाहुणे आले की त्यांना बाकी सगळे कचरा वाटतात. त्या दिवशी सकाळी त्या ठेल्यापाशी आल्या आणि हेडलीला खाली बोलावलं.

"आज लिडगेट येणारेत," त्या म्हणाल्या. "लंडनहून. देशातली बघण्यासारखी मैदानं यावर पुस्तक लिहितायत."

"बरं," हेडली म्हणाला.

"पांढरी टोपी, खांद्याला पिशवी. त्यांना अडवायचं नाही."

"ओव्हर चालू नसली तर मी कशाला अडवेन?"

"हेडली! चालू असली तरी नाही. आणखी एक तक्रार, फक्त एक, आणि दोरी मी दुसऱ्याला देणार. तू गाड्या लावायच्या मैदानात उभा राहा."

गाड्या लावायचं मैदान भिंतीपलीकडे आहे. तिथून क्रिकेट नुसतं ऐकू येतं. हेडलीनं हातातल्या दोरीची गाठ सोडली आणि परत बांधली.

मला राग आला. म्हटलं, "ग्लेनिसबाई, बॅट्समन आऊट झाला तर त्याला कुठं उभा करणार? गाड्यांमधेच?"

"तू तुझे पाव भाज," बाई म्हणाल्या.

भाजलेच. पण मनात ठरवलं की लिडगेटला ओव्हर चालू असताना जिना चढूच द्यायचा नाही. मग अडवायचा प्रश्नच नाही. सकाळी तो आला, उंच, गोरा, चष्मेवाला, पिशवी सांभाळत. मी विचारलं, तपकिरी सॉस की लाल? तो म्हणाला, तपकिरी. मी म्हटलं, विचार करा. त्यानं विचार केला. मग कांदा हवा का, कांदा कच्चा की भाजलेला, असं करत करत वरून "ओव्हर" ऐकू आलं तेव्हाच त्याच्या हातात पाव दिला. "पळा," म्हटलं. गेला. दोरी खाली होती. जेवणाच्या सुट्टीत तर काय, सगळेच मैदानात खेळपट्टी बघत हिंडतात. हेडलीनं वरून माझ्याकडे एक नजर टाकली. चोर आहेस, पण आपला चोर आहेस, अशी.

दुपारी सगळं बिघडलं. ठेल्यावर गर्दी होती, ग्लेनिसबाईंनी पाहुण्यासाठी स्वतः चहा घेतला आणि त्याला घेऊन थेट जिना चढायला लागल्या. "अहो साखर!" मी ओरडले. "साखर घेत नाही," लिडगेट म्हणाला. बॅटिंगला कॅलम होता, आमच्याच गावातल्या प्लंबरचा पोरगा, काउंटीकडून पहिलाच उन्हाळा. बोलर म्हणजे रेडा. ओव्हरचा पहिला बॉल पडला होता.

हेडलीनं दोघांना येताना बघितलं. दोरी त्याच्या हातात होती, त्यांना बघून खाली आलेली. मला खालून त्याचा हात दिसत होता. हात नाही म्हणत होता, मग हो म्हणत होता. ग्लेनिसबाई एकेक पायरी चढत डोळे वटारत होत्या. बोलर वळला, धावायला लागला.

दोरी वर गेली.

"ओव्हर चालू आहे, साहेब."

"हेडली," ग्लेनिसबाई दात आवळून म्हणाल्या, "हे लिडगेट."

"नमस्कार. ओव्हर चालू आहे."

"मी अध्यक्ष आहे!"

"मग तुला जास्तच माहीत असणार, ग्लेनिस."

त्यांच्या मागे रांग लागली. पाद्रीबाबा, दोन म्हाताऱ्या बहिणी, बिल्लेवाला एकजण, एक कुत्रा. कुत्रा बसला. कॅलमनं एक बॉल अडवला, पुढचा वाइड गेला, त्यापुढचा असा उचलला की कड्यावरून थेट समुद्रात. नवा बॉल शोधण्यात वेळ गेला. ग्लेनिसबाईंचा चेहरा बीटसारखा झाला. एक बॉल आणखी पडला, आणि मग धो धो पाऊस आला. अंपायरनी बेल्स काढल्या, खेळाडू पळाले.

"चला, सुटलो," लिडगेट म्हणाला आणि पाऊल उचललं.

दोरी तिथंच.

"साहेब, दोन बॉल बाकी आहेत."

"अहो पण खेळ थांबलाय!"

"खेळ थांबलाय. ओव्हर संपलेली नाही."

आता बघा हं. दोरी कमरेएवढी. कोणीही वाकून पलीकडे जाऊ शकत होतं. कोणीही वळून खाली माझ्याकडे येऊ शकत होतं, माझ्या ठेल्याला छप्पर आहे. मी घसा फोडून ओरडले, "खाली या! इथं कोरडं आहे!" एक माणूस हलला नाही. कारण पहिला कोण वाकणार? आणि खाली आलं तर रांगेतला नंबर जाणार! भिजले, पण नंबर सोडला नाही. फक्त कुत्रा आला. त्याला मी बेकन दिलं.

म्यूरिअलनं वरच्या बाजूनं हे बघितलं. ती छत्री घेऊन उठली, अंपायरच्या खोलीवर जाऊन तिनं दार वाजवलं आणि त्याला हाताला धरून जिन्यापाशी आणलं. "सांगा यांना ओव्हर झाली म्हणून. अर्धं गाव न्यूमोनियानं मरेल."

अंपायर तोंडात केक घेऊन उभा. त्यानं गिळला. मग म्हणाला, "नाही हो सांगता येत. दोन बॉल बाकी आहेत."

"ऐकलंस?" हेडली बायकोला म्हणाला.

"चाळीस वर्षं तेच ऐकतेय," म्यूरिअल म्हणाली. आणि छत्री त्याच्या डोक्यावर धरून तिथंच उभी राहिली.

ग्लेनिसबाई हळू आवाजात म्हणाल्या, "कार पार्क, हेडली."

"हो," तो म्हणाला. "उद्यापासून. आज दोरी माझ्याकडे आहे."

लिडगेटच्या कपातला चहा पावसानं कमी होण्याऐवजी वाढत होता. त्यानं चष्मा पुसला, काही दिसेना, म्हणून वाऱ्याकडे पाठ करायला वळला. आणि तसाच राहिला. कारण जिन्याची ती वरची पायरी ही अख्ख्या मैदानातली एकच जागा आहे जिथून पुढे मैदान दिसतं आणि मागे, ठेल्यांच्या छपरांवरून, सगळा समुद्र. सरी पाण्यावरून चालत येत होत्या. लांब एक मासेमारीची होडी उजेडाच्या पट्ट्यात शिरली.

"बापरे," लिडगेट म्हणाला. "हे रोज असतं?"

"काय असतं?" हेडलीनं विचारलं.

"समुद्र!"

"असेल. माझी पाठ असते तिकडे."

पाऊस थांबला. खेळाडू आले. कॅलमनं एक अडवला, शेवटचा चौकार. "ओव्हर," अंपायर म्हणाला, जरा जास्तच मोठ्यानं. दोरी खाली. पाद्रीबाबा गेले, बहिणी गेल्या, बाई पाय आपटत गेल्या. लिडगेट मात्र म्हणाला, "मी इथं उभा राहिलो तर चालेल?"

"जिन्यात उभं राहता येत नाही," हेडली म्हणाला. "जा बसा."

पुढच्या वर्षी पुस्तक आलं. आमच्या मैदानाबद्दल लिडगेटनं लिहिलं होतं की स्कार्नबीचा समुद्र विकत मिळत नाही, जिन्याच्या वरच्या पायरीवर कोणी तुम्हाला अडवलं तरच दिसतो. झालं. गाड्या लावायच्या मैदानात उन्हाळाभर जागा नाही, आणि हेडलीही नाही, कारण ग्लेनिसबाई तो विषयच विसरल्या. लोक कुठून कुठून येतात. पर्थहून एक नवराबायको आले, सकाळपासून जिन्यावर खालीवर, खालीवर. कॅमेरा तयार. पण त्यांची वेळच चुकायची, दर वेळी ओव्हर संपलेली.

"अडवा ना आम्हाला," बाई म्हणाली.

"कशाला? ओव्हर संपलीय. व्हा पुढे."

"अहो आम्ही एवढ्या लांबून आलोय!"

"लांबून आलात तर बसा जाऊन. पाय दुखत असतील."

त्यांनी तक्रार केली. ग्लेनिसबाई तावातावानं माझ्या ठेल्यावरून गेल्या. "काय करू मी या माणसाचं? आता काय, तर अडवलं नाही म्हणून तक्रार!" आणि जिना चढायला लागल्या.

वर बोलर वळला होता.